गुलाबाच्या वळणावरचा कुंचला

मित्रांनो, मी एक कुंचला आहे. दोन नंबरचा, बारीक टोकाचा आणि आता तसा जुना म्हणावा असाच. माझ्या दांड्याचा रंग उडाला आहे. पत्र्याच्या नळीला एक पोचा आहे. केस तर इतके विरळ झाले आहेत की टक्कल पडलेल्या माणसाने माझ्याकडे बघून स्वतःचे समाधान करून घ्यावे. पण एका बागेतली झाडे वाचवण्याच्या कामात माझाही वाटा आहे. तीच हकीकत आज सांगतो.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. तिथे बायका रांगेने बसून कुंचले बनवत. एक जण केस विंचरून सारखे करायची, दुसरी त्यांची जुडी दोऱ्याने बांधायची, तिसरी ती जुडी नळीत बसवून नळी दाबायची. शेवटी एक वयस्कर बाई प्रत्येक कुंचला स्वतःच्या ओठांवरून फिरवून बघत. टोक टोचले की कुंचला बाद. माझे टोक त्यांना कळलेसुद्धा नाही, म्हणून मी पास झालो.

मला विकत घेतले एका फोटो स्टुडिओतल्या मास्तरांनी. फोटो काढणारे वेगळे होते. मास्तर मागच्या खोलीत बसून फोटो दुरुस्त करायचे. नवरदेवाच्या गालावरची पुटकुळी, कुणाच्या तरी आजोबांच्या कपाळावर पडलेला चरा, घडीमुळे दुभंगलेले बाळाचे नाक, सगळे आम्ही दोघे मिळून नीट करत होतो. लोक फोटो बघून खूश होत आणि शाबासकी बाहेरच्या फोटोग्राफरला देऊन जात. मला त्याचे वाईट वाटत नसे. मास्तर रोज संध्याकाळी मला कोमट पाण्यात धुवत, दोन बोटांनी टोक वळवत आणि पेल्यात उभे करून ठेवत. एवढे लाड मला पुरेसे होते.

मग कॉम्प्युटर आला. डाग काढायला कुंचला लागेनासा झाला. मास्तरांचा हातही थरथरू लागला. स्टुडिओच्या जागी चष्म्यांचे दुकान उघडले आणि मी मास्तरांच्या घरी एका पत्र्याच्या डब्यात जाऊन पडलो. सोबतीला फिल्म रोलच्या रिकाम्या डब्या होत्या. किती वर्षे गेली कोण जाणे. डब्यात कॅलेंडर नसते.

मास्तरांची लेक माळीकाम शिकली होती. तिला सगळे ताई म्हणत. एका केंद्राची बाग तिच्याकडे होती. मोठेपणी दृष्टी गेलेली माणसे त्या केंद्रात काही महिने राहायला येत. काठी घेऊन चालणे, चहा करणे, बोटांनी वाचणे, सगळे नव्याने शिकत. तिथली बाग नुसती शोभेची नव्हती, ती माणसांना रस्ता दाखवायची. पुदिन्याचा वास आला की पायऱ्या जवळ आल्या. गवती चहाचे पाते हाताला लागले की धुण्याची खोली आली. आणि गुलाबांची रांग लागली की डावीकडे वळायचे, समोर जेवणघर. वास पुरला नाही तर माणसे हात पुढे करून पाने चाचपत आणि खात्री झाली की वळत.

मी बागेत येण्याआधी तिथे एक वाईट गोष्ट घडून गेली होती. ती मला पुढे ताईंच्या बोलण्यातून कळली. आदल्या हंगामात गुलाबांवर मावा पडला. मावा म्हणजे कोवळ्या शेंड्यांना चिकटून रस पिणारे बारीक हिरवे किडे. ताईंनी पाठीवर पंप घेतला, कीडनाशक फवारले आणि रिवाजाप्रमाणे पाटी लावली, 'औषध मारले आहे, झाडांना हात लावू नये.' आता मला सांगा, त्या बागेत ती पाटी वाचणार कोण?

ड्रायव्हरदादांनी पाने चाचपली. हे दादा तीस वर्षे बस चालवत होते. आजारपणात डोळे गेले आणि त्यांनी घराबाहेर पडणेच सोडले होते. केंद्रात आल्यावर कुठे त्यांचे पाऊल मोकळे झाले होते. त्या दिवशी त्यांनी पानांना हात लावला आणि तोच हात तोंडावरून फिरवला. हाताला फोड आले, चेहरा सुजला, दोन दिवस दवाखान्यात काढावे लागले. परत आले ते व्हरांड्यातल्या खुर्चीत बसले ते बसलेच. जेवण खोलीत मागवू लागले. मुक्काम संपला तरी घरी जायचे नाव काढेनात.

ताईंनी पंप उचलून कोठीत टाकला. कुणी त्यांना एका शब्दाने बोलले नव्हते, पण स्वतःचे मन स्वतःला खाते, त्याला औषध नसते.

या हंगामात मावा पुन्हा आला. पाने वळली, चिकट झाली, त्यावर काजळी धरली. कळ्या गळून पडू लागल्या आणि वासही गेला. दोन माणसे वळण चुकून सरळ कोठीच्या भिंतीवर आदळली. केंद्राच्या प्रमुख, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्यांनी ताईंना बोलावून घेतले.

"ताई, माझं काही गुलाबांशी वैर नाही. पण माणसं धडपडतायत. महिन्याने नवीन तुकडी येतेय. तोवर सुधारलं नाही, तर झाडं काढून लोखंडी कठडा बसवते."

"चालेल. पण औषध मारणार नाही."

"मग काय करणार आहात?"

"ते अजून ठरलं नाही. औषध मारणार नाही, एवढंच ठरलंय."

मोठ्या बाई हसल्या नाहीत आणि रागावल्याही नाहीत. त्यांनी कॅलेंडरवर एका तारखेला गोल केला.

केंद्राच्या मागच्या भिंतीलगत रान माजले होते. त्यात मोहरीची रानटी झाडे होती. ताईंनी तिथे जाऊन बघितले. मावा तिथेही होता, पण झाडे हिरवीगार होती. असे का, म्हणून ताई एका उलट्या बादलीवर तासभर बसून राहिल्या. तेव्हा त्यांना दिसले, अर्ध्या वाटाण्याएवढे, लाल पाठीवर काळे ठिपके असलेले ढालकिडे एकेक मावा पकडून खात होते. पानाला त्यांचे तोंड लागत नव्हते. ताईंनी हे पुस्तकात वाचले होते, परीक्षेत लिहून गुणही मिळवले होते. पण एक तास बसून बघितले ते पहिल्यांदाच.

त्यांनी भर दुपारी पन्नासेक ढालकिडे बरणीत गोळा केले आणि गुलाबांवर सोडले. ढालकिड्यांनी पंख उघडले आणि एकामागून एक भुर्रकन उडून गेले. फाटकावरचे मामा बघत होते.

"ताई, तुमची फौज पहिल्याच दिवशी रजेवर गेली की!"

ताईसुद्धा हसल्या. पण संध्याकाळपर्यंत त्यांना एक गोष्ट सुचली. उडतात ते मोठे. पिल्लांना पंख नसतात. ढालकिड्याची अळी दिसायला अगदी कुरूप असते बरे का. काळी, काटेरी, अंगावर नारिंगी ठिपके, जणू तांदळाच्या दाण्याएवढी मगर. पण ती आईबापांइतकीच खादाड, आणि जिथे सोडाल तिथेच चालत राहणारी. मोहरीवर अशा अळ्या होत्या. ताईंनी बोटांनी उचलायला घेतल्या, तर चिरडल्या. चिमट्याने उचलल्या, तर त्यांचे पाय मोडले. त्या दिवशी ताई घरी आल्या त्या पडलेल्या चेहऱ्यानेच.

मास्तरांनी सगळे ऐकून घेतले. मग उठून माळ्यावरचा डबा काढला. कितीतरी वर्षांनी माझ्या डोळ्यांवर उजेड आला.

"बाबा, तुमचा कुंचला? किड्यांसाठी?"

"मग डब्यात पडून तो काय दिवे लावतोय?" मास्तर म्हणाले. त्यांनी थरथरत्या हाताने मला ताईंच्या मनगटावर टेकवून दाखवले. "हे बघ. ओढायचं नाही, ढकलायचं नाही. नुसता टेकवायचा आणि थांबायचं."

फिल्मच्या डब्याही त्यांनी दिल्या. अळ्या एकत्र कोंडल्या तर एकमेकींना खातात, म्हणून प्रत्येकीला स्वतंत्र खोली हवी. झाकणांना सुईने भोके पाडली आणि आम्ही कामाला लागलो.

पहिली अळी माझ्या टोकावर चढली तो क्षण मला अजून आठवतो. आजवर मी रंग उचलला होता. रंग मेलेला असतो, ठेवाल तिथे राहतो. ही मात्र सहा पायांनी माझे केस चाचपत होती. मला तेव्हा वाटले, हे काम मला झेपले पाहिजे.

ताई रोज सकाळी मोहरीवरून अळ्या उचलत आणि उन्हे उतरल्यावर, पाने ओली करून, गुलाबांवर सोडत. बावीस झाडे होती. फार किडलेले शेंडे कापून टाकत. थोडा मावा पाण्याच्या धारेने पाडत, पण सगळा नाही. "सगळाच धुऊन काढला तर माझी पोरं खातील काय?" असे त्या मामांना सांगत.

तरीही चौथ्या दिवशी अळ्या दिसेनात. ताई पुन्हा बादली उलटी करून बसल्या. या वेळी दिसल्या मुंग्या. माव्याच्या अंगातून गोड रस झरतो. तो प्यायला मिळावा म्हणून मुंग्या माव्याची गुरांसारखी राखण करतात. आमच्या अळ्यांना त्या चावून, ओढून खाली टाकत होत्या. मग ताईंनी प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी कापडाची पट्टी गुंडाळली आणि पट्टीला ग्रीस फासले. भिंतीला टेकलेल्या फांद्या छाटल्या, म्हणजे मागच्या दाराने कुणी शिरायला नको. कमरेत वाकून बावीस बुंधे बांधायला त्यांना दोन दिवस लागले.

व्हरांड्यातून ड्रायव्हरदादांनी विचारले, "ताई, यंदा फवारणीचा वास येत नाही."

"येणारही नाही, दादा."

"मग दिवसभर करता काय?"

"पॅसेंजर पोचवते. मोहरीपासून गुलाबापर्यंत."

दादा जरासे हसले. ताई म्हणाल्या, "येता का बघायला?" दादांनी हात मांडीखाली घेतले. "पानाला हात लावायचं मला सांगू नका." ताईंनी पुन्हा विचारले नाही.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी ताई फाटकातून आत येत होत्या. मी त्यांच्या ॲप्रनच्या खिशात होतो. तेवढ्यात बागेतून आरोळी आली, "गाडी पुढे जाणार नाही! सगळे मागे! मागे व्हा!"

ताई धावल्या. गुलाबाच्या वळणावर ड्रायव्हरदादा उभे होते. काठी खुर्चीपाशीच राहिली होती. दोन्ही हात पसरून त्यांनी रस्ता अडवला होता, आणि नाश्त्याला निघालेली दहा-बारा माणसे त्यांच्यापुढे थबकली होती.

"ताई आल्या का? औषधाचा वास येतोय. ताजा आहे. कुणाला हात लावू देऊ नका."

रांगेच्या त्या टोकाची सात झाडे ओली होती. खाली जमिनीवर आमच्या अळ्या पडल्या होत्या, पाय आकसून. मी एकेकीला उचलून आणले होते, मित्रांनो. त्यांचे वजन मला पाठ होते.

फाटकावरचे मामा कोठीच्या दाराशी उभे होते. त्यांच्या पायाशी तो जुना पंप होता.

"तळाशी थोडं औषध उरलं होतं," ते कसेबसे बोलले. "तुम्ही रोज कमरेत मोडून जाता, ते बघवत नव्हतं. म्हटलं, कुणी उठायच्या आत मारून टाकावं. पोरीचं काम हलकं होईल. नाश्त्याची वेळ माझ्या ध्यानातच आली नाही."

ताईंचा हात खिशात होता आणि मूठ माझ्याभोवती इतकी आवळली होती की माझा दांडा मोडतो की काय असे मला वाटले. मग मूठ सैल झाली.

"मामा, औषध संपलं ना सगळं?"

"संपलं."

"आधी साबणाने हातपाय धुवा, कपडे बदला. मग दोर आणा. आणि रिकामे डबे आणा, खुळखुळणारे."

सात झाडांपुढे दोर बांधला गेला. दोराला डबे टांगले. कुणाचा हात लागला की डबे वाजत आणि माणूस मागे सरे. गेल्या वर्षीच्या त्या पाटीने जे केले नव्हते, ते या डब्यांनी केले. मग हातमोजे घालून ताईंनी ती सातही झाडे गुडघ्याएवढी छाटली आणि कापलेला पाला वेगळा पुरला.

मोठ्या बाई येऊन बघून गेल्या. "ताई, अकरा दिवस राहिलेत," त्या म्हणाल्या.

"पंधरा झाडंही राहिलीत," ताई म्हणाल्या.

पण मोहरीवर आता अळ्या फारशा उरल्या नव्हत्या. बऱ्याच कोषात गेल्या होत्या. ताईंनी एकेक पान उलटून बघितले. काही पानांखाली पिवळी अंडी होती, उभी, एकमेकांना खेटून, जणू कुणी बारीक मेणबत्त्या लावून ठेवल्या असाव्यात. ताईंनी पानाचे तेवढे तुकडे कापले आणि सर्वांत किडलेल्या शेंड्यांना दोऱ्याने बांधले. जी अंडी सुटी झाली, ती मी उचलली. अळीपेक्षा अंडे अवघड. अळी धरून बसते, अंडे घरंगळते. माझे दोन केस त्या कामी आले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरदादा आपण होऊन वळणापाशी आले.

"तुम्ही प्रत्येक झाड डोळ्यांनी तपासत बसता. वेळ जातो," ते म्हणाले. "मावा असला की पान चिकटतं. ते मला कळेल. पण खरं सांगा, या झाडाला काही मारलेलं नाही ना?"

ताईंनी त्या झाडाची दोन पाने तोडली, स्वतःच्या गालाला घासली आणि म्हणाल्या, "नाही."

दादांना त्या घासण्याचा आवाज ऐकू आला असावा. त्यांनी हात पुढे केला. बोटे हवेत थांबली. मग पानाला लागली.

"चिकट," ते म्हणाले. थोडे पुढे सरकले. "हेही चिकट. हे कोरडं. हे कोरडं."

तेव्हापासून रोज सकाळी दादा रांगेतून चालत आणि ताई त्यांच्या मागे. चिकट असेल तिथे आम्ही अंडी किंवा अळी ठेवायची, कोरडे असेल तिथे पुढे व्हायचे. तेच काम अर्ध्या वेळात होऊ लागले. मामांनी मुंग्यांचे खाते सांभाळले. रोज प्रत्येक पट्टीवरचे ग्रीस तपासायचे आणि मुंगी दिसली की म्हणायचे, "गेटपास दाखव!"

अंडी फुटली. चिमुकल्या अळ्या माव्यावर तुटून पडल्या. एका सकाळी दादा एकदम थांबले.

"ताई, बोटावर काहीतरी चालतंय."

"हलू नका. पॅसेंजर आहे."

"तिकीट काढलंय का त्याने?" दादा विचारत होते, पण हात असा स्थिर धरला होता की जणू त्यात पाण्याने काठोकाठ भरलेला पेला आहे. मी त्यांच्या बोटाशी टेकलो आणि थांबलो. अळी माझ्यावर चढायला बराच वेळ लावत होती. दादांनी घाई केली नाही.

"एवढासा जीव," ते हळूच म्हणाले, "आणि रस्ता राखतोय."

नवीन तुकडी आली त्या दिवशी ढगाळ होते. मोठ्या बाई सकाळीच रांगेपाशी आल्या. पंधरा झाडांना नवी पालवी होती आणि सहा-सात फुले उमलली होती. त्यांनी एक शेंडा वाकवून बघितला.

"इथे अजून मावा आहे, ताई."

"असू दे, बाई. थोडा राहायलाच हवा. तो संपला तर आमचे उपाशी मरतील."

मोठ्या बाई काही बोलणार इतक्यात व्हरांड्यातून ड्रायव्हरदादा येताना दिसले. त्यांच्या कोपराला धरून एक बाई चालत होत्या. त्या शिंपीण होत्या. दृष्टी जाऊन त्यांना दोनच महिने झाले होते, आणि तुकडीच्या आठवडाभर आधीच येऊनही त्यांनी खोलीतली खाट सोडली नव्हती. चहाला चला म्हटले तरी भिंतीकडे तोंड फिरवायच्या. दादांनी त्यांना काय सांगून उठवले, ते मला माहीत नाही.

वळणाच्या थोडे अलीकडे दादांनी आपला कोपर सोडवून घेतला. "इथून पुढे तुम्ही. वास आला की हात लावून बघा."

"मला नाही जमायचं."

"नाही जमलं तर मी आहेच मागे."

शिंपीणबाई दोन पावले गेल्या. तीन. मान थोडी वर झाली. हात पुढे आला, पानाला लागला आणि झटकन मागे गेला. "अगंबाई, किडा!"

"मारू नका!" दादा, ताई आणि मामा तिघेही एकदम ओरडले. मग दादा म्हणाले, "तो आपलाच माणूस आहे. त्याला जाऊ द्या आणि पान बघा."

बाईंनी पुन्हा हात नेला. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये पान धरून, कापड पारखावे तसे पारखले. आयुष्यभर त्यांच्या बोटांनी तेच केले होते.

"कोरं आहे," त्या म्हणाल्या. "धुवट नाही, कोरं. वास आहे. म्हणजे... डावीकडे?"

त्या स्वतःच डावीकडे वळल्या आणि जेवणघराच्या दारापर्यंत चालत गेल्या.

मोठ्या बाई तिथून सरळ कार्यालयात गेल्या. त्यांनी फोनवर कठड्याचे काम रद्द केल्याचे मामांनी खिडकीतून ऐकले आणि साऱ्या केंद्रभर सांगितले. त्याच आठवड्यात ड्रायव्हरदादांनी घरी जायची तारीख ठरवली. आता ते महिन्यातून दोनदा येतात, बसने, एकटे.

मित्रांनो, मी आता थकलो आहे. ताईंनी नवा कुंचला आणला आहे. त्याचे केस दाट आहेत, पण थांबणे त्याला अजून जमत नाही. शिकेल. माझे तुमच्याकडे एवढेच मागणे आहे की वापरून झालेल्या वस्तूला धुऊन, पुसून, उभे ठेवा. आणि पानावर किडा दिसला की लगेच चप्पल उचलू नका, पंपही उचलू नका. आधी खाली बसा आणि बघा, तो पान खातोय की पान खाणाऱ्याला खातोय. एवढे बघायला फार तर एक तास लागतो. न बघता केलेले निस्तरायला वर्ष पुरत नाही.

ताईंच्या चपला वाजल्या. जाईच्या वेलावर कुणीतरी पांढरी अंडी घालून ठेवली आहेत, केसाएवढ्या देठांवर. ती कुणाची आहेत, आम्हाला अजून ठाऊक नाही. चला, बादली उलटी करून बसायची वेळ झाली.